माणिकरावांचे डॉक्टर

डॉक्टरांच्या शोकसभेत तिघांनी त्यांना ‘हसतमुख’ म्हटलं. चौथ्यानं ‘अजातशत्रू’ म्हटलं. मी मागच्या रांगेत होते. शेजारच्या बाईंनी न मागता मला पाण्याची बाटली दिली, इतका माझा श्वास जोरात चालला होता.

डॉक्टर हसतमुख नव्हते. मी त्यांच्या दवाखान्याचं सगळं काम बघत होते, लग्नानंतर लगेच लागले ते डॉक्टर अंथरुणाला खिळेपर्यंत, आणि त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं. शत्रूंचं म्हणाल तर त्यांनी ते मेहनतीनं जमवले होते. त्यातला एक त्या दिवशी तसबिरीला हार घालायला व्यासपीठावर होता. हे सगळं बघून गप्प बसणं माझ्यानं झालं नाही, म्हणून लिहिते.

मला गोष्टी क्रमानं लावायची सवय आहे. डॉक्टर क्रमानं जगले नाहीत. सरकारी जनावरांच्या दवाखान्यातली नोकरी संपल्यावर माणसं शेतात घर बांधतात, नातवंडं खेळवतात. यांनी औरंगपुऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि हत्ती बघायला सुरुवात केली. सर्कशीतले, संस्थानांचे, वरातीत भाड्यानं देणारांचे, दारोदार फिरवून पैसे मागणारांचे. कुठं हत्ती माणसावर धावला, कुठं कुणाला जवळ येऊ देईना, की मालक औरंगाबादला फोन करायचे. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. बाकीचे डॉक्टर अशा हत्तीकडं जात नसत, आणि मला विचाराल तर त्यात त्यांची काही चूक नव्हती.

पोचल्यावर डॉक्टर हत्तीकडं आधी बघत नसत. मालकाला म्हणायचे, “चप्पल काढ.”

“काय डॉक्टर?”

“चप्पल काढ आणि तो उभा आहे तिथं शेजारी उभा राहा. मी सांगेपर्यंत.”

आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल. दुपारच्या वेळी सिमेंटवर किंवा डांबरावर अनवाणी माणूस नाचायला लागतो. मालक उड्या मारत बाहेर यायचा. मग डॉक्टर विचारायचे, “आता सांग, स्वभाव कुणाचा बिघडलाय?” एका सर्कसवाल्यानं यावर त्यांना शिव्या घातल्या होत्या. डॉक्टरांनी सगळ्या ऐकून घेतल्या आणि मग त्याच्या हत्तिणीच्या तळव्यातले फोड त्याला एकेक करून दाखवले.

दुसरी सवय अशी की ते हत्तींना अहो-जाहो करत आणि हत्तींच्या मालकांना अरे-तुरे. “जरा पाय वर घ्या. हं. आपल्या नखात पू झालाय, दुखणार आहे, माफ करा,” हे हत्तीला. “तू तिकडं सरक,” हे ट्रस्टच्या अध्यक्षाला. मी एकदा सांगून बघितलं की डॉक्टर, माणसं दुखावतात. ते म्हणाले, “बाई, दुखावून घ्यायला त्यांना घर आहे, बायको आहे, ट्रस्ट आहे. जाऊ दे त्यांना तिकडं. पिशवी आणा.”

पिशवी हा माझा विभाग. कापसाचे गठ्ठे, दोर, नखं तासायची सुरी, कानस, पोटॅशियम परमँगनेट, सुया, झोपेच्या औषधाच्या बाटल्या. जाताना मी भरून द्यायची आणि येताना त्यातलं निम्मं कुठंतरी राहिलेलं असायचं. कानस तर त्यांनी इतक्या हरवल्या की मराठवाड्यातल्या प्रत्येक हत्तीखान्यात आमची एक तरी सापडेल. शेवटी मी पिशवीबरोबर स्वतःच जायला लागले. स्कूटरवर मागं बसून, मांडीवर पिशवी.

असंच एकदा गुलमंडीतून परत येताना वरात लागली. पुढं बँड, मधे घोड्यावर नवरदेव, मागं रंगवलेली हत्तीण. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होती, सोंड इकडं, सोंड तिकडं. “काय नाचायलीय बघा!” म्हणून लोक नोटा ओवाळत होते. डॉक्टरांनी स्कूटर मला धरायला दिली, सरळ बँडमास्तरापाशी गेले आणि त्याच्या वाद्याच्या तोंडावर पंजा ठेवला. बँड थांबला. हत्तीण झुलतच राहिली.

“आता कशावर नाचतीय?” डॉक्टर म्हणाले.

नवरदेवाचा बाप म्हणाला, “सवय असंल तिला.”

“तुला जन्मभर एका खुंटीला बांधून ठेवतो. मग तुलाही लागेल ही सवय. डोकं फिरलंय तिचं. तू त्याच्यावर पैसे ओवाळतोस.”

वरात तिथं थांबली आणि हत्तिणीला सोडून दिलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. चार जणांनी डॉक्टरांच्या दंडाला धरून त्यांना एका कापड दुकानाच्या पायरीवर बसवलं, दुकानदारानं पाणी दिलं, बँड पुन्हा सुरू झाला. डॉक्टर पायरीवर बसून मला म्हणाले, “कानस कुठंय?” कानस त्यांच्याच खिशात होती.

आता माणिकचं सांगते. हे सगळं त्याच्यासाठीच लिहिते आहे.

पैठणच्या रस्त्याला एक संस्थान आहे. नाव सांगत नाही, जाणाऱ्यांना कळेल. तिथं माणिक नावाचा हत्ती होता. मकना होता तो, म्हणजे नर, पण बाहेर दात न आलेला. असे नर असतात. दात नसले म्हणून बाकी काही कमी नसतं, पण लोकांना वाटतं की बिनदाताचा हत्ती म्हणजे मोठी गाय. संस्थानच्या लोकांनाही तसंच वाटत होतं.

त्याचा माहूत लतीफ. शहरातलाच, टांगेवाल्याचा मुलगा. संस्थानच्या आवारात मागच्या बाजूला त्याची खोली होती, तिथं तो, बायको आणि एक मुलगा. माणिकच्या पुढच्या पायाचं नख चिरलं होतं म्हणून त्यानंच डॉक्टरांना बोलावलं. आम्ही पोचलो तर हत्तीखान्यासमोर रांग. मला वाटलं प्रसादाची असेल.

माणिक कडुनिंबाखाली उभा होता. त्याच्या गालावरून तेलकट, काळपट ओघळ आला होता. एक स्वयंसेवक कापसाच्या बोळ्यानं तो ओघळ टिपत होता आणि रांगेतल्या बायका तो बोळा पदरात घेत होत्या. ज्यांच्या कडेवर पोरं होती त्यांची पोरं लतीफ एकेक करून माणिकच्या पोटाखालून या बाजूनं त्या बाजूला देत होता. पोटाखालून काढलं की पोरगं कशाला भीत नाही, असं आमच्याकडं मानतात.

“देव रडायलाय,” रांगेतली एक आजी मला म्हणाली. “परवापासनं. आरती लागली की धार येती बघा. लई पुण्याची जागा हाय.”

डॉक्टरांचा चेहरा मी पाहिला आणि पिशवी घट्ट धरली.

“आजी,” ते म्हणाले, “त्यांचा डोळा कुठंय?”

“ह्यो काय.”

“आणि पाणी कुठून येतंय?”

आजीनं डोळे बारीक करून बघितलं. डोळा कोरडा होता. ओघळ येत होता तो डोळा आणि कान यांच्या मधल्या एका भोकातून.

“आगं बया! मग ह्ये काय हाय?”

“मद. नर हत्ती मस्तीत आला की तो गळतो. या दिवसांत ते कुणाला ओळखत नाहीत. मागं बघा, लघवीही सारखी ठिबकतीय, वास येतोय का? अजून सुरुवात आहे. आठवड्याभरात यांच्या जवळ उभं राहता येणार नाही.”

आजीनं बोळा टाकला, नातवाचा दंड धरला आणि रांग सोडून चालायला लागली. त्या दिवशी तिथं शहाणपणाचं वागलेली तेवढी एकच व्यक्ती.

मग संस्थानचे मॅनेजर आले. पांढरा झब्बा, खिशाला दोन पेनं, बोलणं मऊ. “नमस्कार डॉक्टरसाहेब.”

“चप्पल काढ.”

“मी देवळातून आलोय, अनवाणीच आहे.” खरंच अनवाणी होते, पण भक्तांसाठी टाकलेल्या काथ्याच्या पट्टीवर उभे होते.

“मग पट्टीवरून खाली ये.”

मॅनेजर आले नाहीत. डॉक्टरांनी तिथूनच सांगितलं की माणिकरावांना आजच्या आज मागच्या आमराईत न्या, पायाला साखळी, भरपूर पाणी, चारा बेताचा, आणि मस्ती उतरेपर्यंत माणूस जवळ नको. एक पोरगंही पोटाखालून नको.

“पण आठवड्यावर उत्सव आहे,” मॅनेजर म्हणाले. “यंदा माणिकच्या अश्रूंची बातमी जालन्यापर्यंत गेलीय. भक्तांच्या भावनेचा प्रश्न आहे. आणि त्याला दात तरी आहेत का? करणार काय तो?”

“तुला दात आहेत म्हणून तू हे करतोयस का?”

मॅनेजरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि वळून म्हणाले, “लतीफ, तू चोवीस तास त्याच्यापाशी असतोस. तू सांग. कसाय हत्ती?”

लतीफ जमिनीकडं बघत म्हणाला, “अच्छा है साब. रोताच है.”

डॉक्टर माणिकच्या पायाशी बसले. नख साफ केलं, औषध भरलं आणि स्कूटरकडं गेले. मी हौदावर हात धूत होते तेव्हा लतीफ बाजूला आला.

“बाई, मेरेकू सब मालूम है. पिछले साल बी आयी थी मस्ती, थोडीच. पर बोलूं तो किधर जाऊं? खोली इनोंकी, बच्चे की फीस बी इनोंकी. डॉक्टरसाब का क्या है, बोलके स्कूटर पे बैठ जाते.”

मी हात पुसले आणि मीही स्कूटरवर जाऊन बसले.

पुढचा आठवडा आम्ही कचेऱ्या फिरलो. पोलीस म्हणाले, मिरवणुकीला परवानगी दिलेली आहे, हत्ती हा आमचा विषय नाही. जंगलखातं म्हणालं, हत्ती खाजगी मालकीचा आहे, कागद पूर्ण आहेत. महापालिका म्हणाली, जागा हद्दीबाहेर आहे. सगळीकडं चहा मिळाला. एका साहेबांनी तर डॉक्टरांना विचारलं, “खरंच रडतो का हो तो? आमची ही म्हणत होती जाऊन येऊ.” आणि संस्थाननं दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका डॉक्टरचा दाखला आणला: प्रकृती उत्तम, स्वभाव शांत, मिरवणुकीस योग्य. त्या गृहस्थानं माणिकला पाहिलंच नव्हतं. लतीफला विचारून मी खात्री करून घेतली.

उत्सवाच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “बाई, तुम्ही घरी थांबा.” मी थांबले नाही. झोपेच्या औषधाची बंदूक त्यांच्याकडं होती. ती घेऊन ते एकटे निघाले असते तर बंदूक न्यायची आणि औषध टेबलावर ठेवायचं, असं केलं असतं. मी ओळखीच्या एका पाण्याच्या टँकरवाल्याला सांगून ठेवलं की सकाळपासून संस्थानच्या फाटकाशी उभा राहा. कारण त्या उन्हात झोपेचं औषध दिलेला हत्ती पाण्यावाचून मरतो, हे मला एव्हाना माहीत झालं होतं.

माणिकला झूल घातली होती, कपाळावर रंग. ओघळ आता दोन्ही गालांवरून तोंडापर्यंत आला होता आणि त्यावर कुणी हळद वाहिली होती. डॉक्टर फाटकातून आत जाऊन त्याच्या वाटेत उभे राहिले. स्वयंसेवकांनी त्यांना उचलून बाजूला ठेवलं. अक्षरशः उचलून. “आजोबा, गर्दी करू नका,” म्हणाले.

आवाराच्या भिंतीपाशी मिरवणूक थांबली आणि पुन्हा पोरं पुढं यायला लागली. लतीफ खाली, माणिकच्या डाव्या पायाशी उभा होता. मी त्याच्यापासून लांब नव्हते. एका बापानं दोन-तीन वर्षांचं पोरगं पोटाखाली सरकवलं. पलीकडून घेणारा भलतीकडं बघत होता. पोरगं मधेच बसलं आणि रडायला लागलं.

माणिकनं कान ताठ केले. लतीफनं ते माझ्याआधी पाहिलं. तो पोटाखाली शिरला, पोरगं उचलून बाहेर फेकलं, पोत्यासारखं फेकलं, आणि स्वतः बाहेर येताना ओरडला, “धत्त! माणिक, धत्त!” धत्त म्हणजे थांब. सोंडेच्या एका फटक्यानं तो भिंतीशी गेला. पुढचं मी लिहीत नाही. पोरगं वाचलं. हनुवटीला टाके पडले फक्त.

लोक पळाले. डॉक्टरांनी बंदुकीनं झोपेची सुई मारली, पण ती लागल्यावर हत्ती लगेच थांबत नाही, सिनेमात दाखवतात तसं काही होत नाही. डॉक्टर एका खांबाआड उभे राहून सारखे बोलत होते. “बस झालं. माणिकराव, बस झालं. उभे राहा. कुणी येत नाही आता.” हळूहळू सोंड लोंबली, डोळे मिटत आले. तो उभ्यानंच झोपला.

आणि तो झोपला म्हटल्यावर माणसं परत आली. मघाशी ज्यांनी हळद वाहिली होती त्यांच्या हातात आता दगड होते. डॉक्टर त्याच्या पुढच्या पायांना पाठ लावून उभे राहिले. एक दगड त्यांच्या खांद्याला लागला. मी टँकरवाल्याला आत घेतलं आणि पाइप माणिकच्या कानांवर धरला. माझा नेम कच्चा, त्यामुळं दगडवाल्यांपैकी बरेच जण भिजले. त्याचा उपयोग झाला.

इन्स्पेक्टर आले. “डॉक्टर, वरून परवानगी मागवतो. गोळी घालावी लागेल.”

“मागवा,” डॉक्टर म्हणाले. “पण कुणाला घालायची ते आधी ठरवा. मॅनेजर तिकडं उभा आहे.”

इन्स्पेक्टरांनी परवानगी मागवली नाही. साखळदंड मागवले. माणिकला आमराईत नेलं. आठवड्यापूर्वी न्यायचं होतं त्याच आमराईत.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की हत्ती ‘अचानक’ बिथरला. मॅनेजरांच्या तोंडचं वाक्य होतं. मी तो शब्द वाचला आणि पेपर खाली ठेवला. अचानक म्हणे! गालावर ओघळ, कपड्यांना येणारा वास, डॉक्टरनं तोंडावर सांगितलेलं, माहुताला माहीत असलेलं, आजीलासुद्धा कळलेलं. एवढं सगळं असताना ज्याला ते अचानक वाटतं त्याच्या ताब्यात कोंबडीसुद्धा देऊ नये.

पण खरा राग यायचा बाकी होता. चार दिवसांनी मॅनेजर दवाखान्यात आले. बरोबर टाइप केलेला कागद. डॉक्टर सगळ्यात जवळचे साक्षीदार, शिवाय हत्तीतले जाणकार, तेव्हा त्यांच्या जबाबाला पोलिसांत वजन होतं. कागदावर लिहिलं होतं की माहूत दारूच्या नशेत होता, त्यानं हत्तीला अंकुश मारून डिवचलं, त्यामुळं हे घडलं.

“तुम्ही एवढी सही केलीत,” मॅनेजर म्हणाले, “की माणिकला आम्ही उद्याच्या उद्या जंगलातल्या हत्तींच्या कँपात देतो. तुम्हालाही तेच हवं आहे ना? तिथं नदी आहे, झाडी आहे. नाही केलीत, तर हत्ती आमच्या मालकीचा आहे. आमच्याकडंच राहील.”

सगळ्यांना वाटत होतं डॉक्टर सही करतील. माणसांपेक्षा त्यांना हत्ती जवळचे, हे अख्ख्या शहराला ठाऊक होतं. आणि लतीफनं त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं. मेलेल्या माणसाचं आता काय बिघडणार होतं? पण त्याची बायको होती. माहूत दारू पिऊन मेला असं ठरलं की संस्थान तिचं काही देणं लागत नव्हतं. खोली सोडायला तर त्यांनी तिला आधीच सांगितलं होतं.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला.

“लतीफनं त्या दिवशी अंकुश हातात घेतला नव्हता,” ते म्हणाले. “मिरवणुकीत शोभा जाते म्हणून तूच काढून घेतला होतास. मी बघितलंय.”

“ते महत्त्वाचं नाही डॉक्टरसाहेब. तुम्ही माणिकचा विचार करा.”

“त्याचाच करतोय. माणिकराव जंगलात जातील आणि त्यांच्या नावानं तू एका बाईला रस्त्यावर काढशील. त्यांना काय, ते जातील बिचारे. त्यांना वाचता येत नाही. मला येतं.”

मग त्यांनी कागद मॅनेजरांच्या खिशात, त्या दोन पेनांच्या मधे, नीट घडी घालून ठेवला. “चल. नीघ.”

मॅनेजर गेल्यावर डॉक्टर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी पिशवी आवरत होते. ते म्हणाले, “बाई, तिथं खरंच नदी आहे हो. मी पाहिलाय तो कँप.”

डॉक्टरांनी पोलिसांत जाऊन पाहिलं तसं सांगितलं. लतीफनं पोरगं कसं वाचवलं ते, दाखला कुणी आणला ते, आधी कुणाकुणाला कळवलं होतं ते. मी शेजारी बसून राहिलेलं सांगत होते, कारण कुठल्या कचेरीत कुठल्या साहेबांना भेटलो ते त्यांना आठवत नव्हतं आणि मला आठवत होतं. लतीफच्या बायकोला मी बेगमपुऱ्यात खोली बघून दिली. भरपाईचे तिचे जे पैसे होते ते तिला मिळाले, पण त्यासाठी तिला कोर्टात खेटे घालावे लागले. तिचा नवरा दारू पीत नव्हता हे तिला तिऱ्हाइतांपुढं पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, आणि शेवटी तर तिनं न्यायाधीशांनाच विचारलं, “पीते होते तो बच्चे को पकडते क्या, साब?”

आणि माणिक आमराईत राहिला. मॅनेजरांनी शब्द पाळला. मस्ती उतरली तरी त्याचे चारही पाय बांधलेले. “खुनी हत्ती आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे,” म्हणे. जवळ जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून डॉक्टरांना मात्र आत सोडावं लागायचं. ते रोज जायचे. पावसाळ्यात आमराईत चिखल व्हायचा. मागच्या डाव्या पायात साखळी रुतली आणि जखम झाली. ती भरत यायची, पुन्हा चिरायची. डॉक्टर त्या पायाची साखळी काढा म्हणायचे, संस्थान ठराव करून कळवतो म्हणायचं. हत्तीच्या साखळीचा ठराव! मी तो मागायला गेले तर मला सांगितलं, विषय पुढच्या बैठकीत आहे. पुढच्या बैठकीत भक्तनिवासाच्या रंगाचा विषय होता.

डॉक्टरांनी कोर्टात अर्ज केला होता, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या काही तरुण वकिलांनी तो चालवला. तारखा पडत गेल्या. डॉक्टरांचा गुडघा गेला, स्कूटर मी चालवायला लागले आणि ते मागं बसायला लागले. शेवटी हुकूम झाला, माणिकला कँपात द्या.

न्यायच्या दिवशी आम्ही पोचलो तर आमराईत मांडव. लाउडस्पीकर, रांगोळी, बातमीदार. ‘लाडक्या माणिकला निरोप’ असा फलक. मॅनेजर माइकवरून सांगत होते की संस्थाननं जड अंतःकरणानं, केवळ प्राणिमात्रांवरच्या प्रेमापोटी, हा निर्णय घेतला आहे. कोर्टाचं नाव नाही. लतीफचं नाव नाही. नंतर म्हणाले, “ज्यांनी माणिकची निष्काम सेवा केली त्या आपल्या डॉक्टरसाहेबांचा सत्कार करू या.”

मला वाटलं डॉक्टर आता काहीतरी बोलतील आणि पोलीस बोलवावे लागतील. पण ते मुकाट्यानं उभे राहिले. खांद्यावर शाल घालून घेतली, नारळ घेतला, नारळ माझ्या हातात दिला. टाळ्या झाल्या.

मग काठी टेकत ते माणिकच्या मागच्या पायाशी गेले. ट्रकमध्ये चढवताना आणि पुढच्या सगळ्या प्रवासात साखळी त्याच जखमेवर येणार होती. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, झटकली, चौघडी केली. जरीचे काठ होते. जर टोचू नये म्हणून ती बाजू बाहेर घेतली. “धरा बाई,” म्हणाले. मी नारळ खाली ठेवला आणि साखळी वर उचलून धरली. त्यांनी शाल जखमेभोवती गुंडाळली, दोरानं बांधली, बोट घालून बघितलं की फार आवळली नाही ना.

“अहो डॉक्टरसाहेब, ती शाल...” मॅनेजर माइक हातातच धरून पुढं आले, त्यामुळं ते सगळ्या आमराईत ऐकू गेलं.

पेपरचा फोटोवाला मधेच घुटमळत होता. कुणाचा काढावा त्याला कळेना. “साहेब, शाल खांद्यावर घेऊन एक परत?”

“इथला काढ,” डॉक्टर म्हणाले आणि काठीनं पाय दाखवला. “जवळ ये, घाबरू नकोस. जखम नीट येऊ दे.”

त्यानं खाली बसून फोटो काढला. दोन काढले. मी पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर फोटो छापून आला. माणिकचं कपाळ, मॅनेजरांचे जोडलेले हात, मागं फलकाची दोन अक्षरं. तो मी कापून ठेवला आहे. गुडघ्याच्या खालचं त्यात काहीच नाही.